पाऱ्यापासून अर्ध्या व्होल्टपर्यंत : तापमापकाचा इतिहास आणि एक जुना प्रश्न



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की ज्या माणसानं जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं तो आज इलेक्ट्रॉनिक्सच्या सेन्सरवर काय बोलणार? तर सांगतो. तापमापकाचा सगळा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो. तो प्रश्न म्हणजे, "हे तुला कशावरून कळलं?" आणि हा प्रश्न आमच्या खात्यातला आहे. आमच्याकडे त्याला प्रमाणशास्त्र म्हणतात.

माझ्या हातात एक काळा दाणा आहे. मागच्या रांगेला दिसणार नाही, म्हणून सांगतो : हरभऱ्याच्या दाण्याएवढा, खाली तारेचे तीन पाय. एका पायाला वीज द्यायची, एक पाय जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडायचा, आणि मधल्या पायावर जो व्होल्टेज मिळतो तो तापमान सांगतो. शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. दर्यापुरातली, अमरावतीतली पॉलिटेक्निकची पोरं तो प्रोजेक्टमध्ये लावतात. ह्या दाण्यापर्यंत माणूस कसा आला, आणि इथवर येऊनही तो जुना प्रश्न कसा सुटलेला नाही, हे आज बघायचं आहे.

आधी हा विषय आपल्या दारात का आहे ते बघू. मे २०२४ मध्ये अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेच्या लाटेमुळे कलम १४४ लावलं. हे कलम आपण दंगलीच्या वेळी ऐकतो. इथं ते उन्हासाठी लागलं. पारा ४५ अंशांच्या वर गेला होता. कामगारांना पाण्याची आणि सावलीची सोय करा, भर दुपारी शिकवण्या घेऊ नका, असा तो प्रकार होता. म्हणजे एका यंत्रानं एक आकडा दिला आणि त्या आकड्यावर एका जिल्ह्याची दुपार बदलली.

दुसरं उदाहरण अजून जवळचं. महाराष्ट्रात महावेध प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, दोन हजारांहून अधिक. हवामानावर आधारित फळपीक विमा ह्या केंद्रांच्या आकड्यांवर चालतो. तुमच्या संत्र्याला ऊन लागलं की नाही, हे झाडाकडे बघून ठरत नाही. मंडळातल्या केंद्रानं ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापमान नोंदवलं की नाही, ह्यावर ठरतं. आपला दर्यापूरचा भाग कपाशी, तूर, हरभऱ्याचा. पण पलीकडे अंजनगाव, अचलपूर, तिकडे मोर्शी, वरुड, सगळा संत्र्याचा मुलूख. तिकडच्या एका शेतकऱ्यानं मला विचारलं होतं, "सर, माह्या वावरातलं ऊन त्या डब्याले कसं दिसन?"

हा प्रश्न अडाणी नाही बरं का. हाच प्रश्न चारशे वर्षं युरोपातल्या मोठमोठ्या लोकांना छळत होता. आणि आपल्याकडे तो त्याच्याही फार आधी विचारला गेला होता.

सुरुवात हातापासून करू. ताप आलाय का हे आई कपाळाला हात लावून सांगते. पण हाताची एक खोड आहे. एक हात माठातल्या गार पाण्यात ठेवा, दुसरा न्हाणीतल्या कढत पाण्यात. मग दोन्ही हात एकाच कोमट पाण्यात घाला. एक हात म्हणेल गरम, दुसरा म्हणेल थंड. पाणी तर एकच आहे. जॉन लॉक ह्या इंग्रज तत्त्वज्ञानं १६९० च्या त्याच्या ग्रंथात हे उदाहरण दिलं आहे. म्हणून हाताच्या बाहेर, कोणाच्याही कातडीवर अवलंबून नसलेलं काहीतरी हवं होतं.

१६०० च्या आसपास गॅलिलिओ आणि त्याच्या भोवतीच्या मंडळींनी काचेच्या नळीत हवा कोंडून, खाली पाणी ठेवून एक यंत्र केलं. हवा तापली की फुगते आणि पाणी खाली ढकलते. पण त्याच्यावर आकडे नव्हते. त्यामुळे आजचं ऊन आणि गेल्या वर्षीचं ऊन, किंवा इथलं आणि फ्लॉरेन्सचं ऊन, ह्यांची तुलना करता येत नव्हती. तुलनेसाठी खुणा लागतात. आणि खूण म्हटली की ती हलता कामा नये.

ही न हलणारी खूण शोधता शोधता लोकांनी काय काय केलं! कोणी म्हणालं, लोणी वितळतं ती खूण धरा. कोणी म्हणालं, खोल तळघरातली हवा धरा. न्यूटननं माणसाच्या अंगाची ऊब धरली. फॅरनहाइटनं १७२४ मध्ये आपली मोजपट्टी मांडली. स्वीडनच्या सेल्सिअसनं १७४२ मध्ये शंभर भागांची पट्टी केली, आणि गंमत म्हणजे त्यानं पाणी उकळतं तिथं ० आणि गोठतं तिथं १०० लिहिलं होतं. ती पट्टी उलटी झाली ती नंतर.

आता तुम्ही म्हणाल, उकळतं पाणी ही पक्की खूण झाली ना? तर आपल्या चिखलदऱ्याला जाऊन चहा ठेवून बघा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटर उंच. हवेचा दाब कमी, म्हणून तिथं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे उकळीची खूण दर्यापुरात वेगळी, चिखलदऱ्यात वेगळी. मग दाब ठरवून द्यावा लागला.

आणि इथं तो मूळ पेच येतो. समजा मी म्हणालो, पाणी अमुक दाबाला नेहमी एकाच तापमानाला उकळतं. हे तपासायचं कसं? तापमापकानं. पण तापमापकावर खुणा कशावरून केल्या? उकळत्या पाण्यावरून. म्हणजे पाण्याची साक्ष तापमापक देतो आणि तापमापकाची साक्ष पाणी देतं. हासोक चँग नावाच्या विज्ञानाच्या तत्त्वज्ञानं २००४ मध्ये ह्या एकाच गुंत्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं.

पण मंडळी, हा आक्षेप नागार्जुनानं घेतलेला आहे. तिबेटी परंपरा ज्याचा जन्म आपल्या विदर्भात सांगते तोच हा बौद्ध आचार्य. त्यानं 'विग्रहव्यावर्तनी' ह्या ग्रंथात नैयायिकांना विचारलं : वस्तू खरी आहे हे तुम्ही प्रमाणानं सिद्ध करता, ठीक. मग प्रमाण खरं आहे हे कशानं सिद्ध करता? दुसऱ्या प्रमाणानं म्हणाल, तर त्याला तिसरं लागेल, तिसऱ्याला चौथं. ह्याला अनवस्था म्हणतात. आणि प्रमाणाला प्रमाण लागतच नाही म्हणाल, तर मग वस्तूलाच का लागतं?

नैयायिकांचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते बाजारातलं आहे. न्यायसूत्रांत तराजूचा दृष्टान्त आहे. तराजू सोनं तोलतो, तेव्हा तो प्रमाण असतो. पण त्याच तराजूबद्दल शंका आली, तर ज्याचं वजन आधीच पक्कं माहीत आहे अशा सोन्यानं तराजूच तपासता येतो. तेव्हा तराजू प्रमेय होतो, म्हणजे तपासला जाणारा. कोणतीही गोष्ट कायमची प्रमाण नाही आणि कायमची प्रमेय नाही. शंका ज्याच्यावर येईल त्याला पारड्यात घालायचं, आणि ते करताना बाकीच्यांवर तात्पुरता विश्वास ठेवायचा. ज्यांचा कापूस काट्यावर गेला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. काट्याबद्दल संशय आला की माणूस तोच गाठोडा दुसऱ्या काट्यावर तोलून बघतो.

युरोपातही उत्तर शेवटी ह्याच वाटेनं आलं. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये आंरी रेन्यो ह्या शास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं तापमापक तपासले. त्यानं तत्त्वाचा वाद बाजूला ठेवला आणि एक साधी अट लावली : एकाच जातीचे तापमापक आपसात तरी जुळले पाहिजेत. पाऱ्याच्या तापमापकांत काच बदलली की वरच्या तापमानाला आकडे फुटू लागले. हवेचे तापमापक जास्त जुळले. जो आपल्याच भावंडांशी जुळत नाही, त्याला बाद करा! त्याच सुमारास, १८४८ मध्ये, विल्यम थॉमसननं, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विननं, कोणत्याही एका पदार्थावर न टेकणारी निरपेक्ष पट्टी सुचवली. ती आपल्या काळ्या दाण्यात पुन्हा भेटेल.

आता भारतात येऊ. १८६४ चं कलकत्त्याचं चक्रीवादळ आणि १८६६ चा ओरिसाचा दुष्काळ ह्यांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. त्याचं मुख्यालय कलकत्त्याहून सिमल्याला गेलं आणि १९२८ मध्ये पुण्याला आलं. पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' म्हणतात ते ह्यामुळे. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला हललं, पण उपकरणांचं काम पुण्यात राहिलं.

त्या पुण्यात १९४८ मध्ये एक तीस वर्षांची बाई रुजू झाली, अण्णा मणी. मूळच्या त्रावणकोरच्या. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्याकडे हिरे आणि माणकांवर संशोधन केलेल्या. प्रबंध तयार होता, पण पदव्युत्तर पदवी नाही म्हणून मद्रास विद्यापीठानं डॉक्टरेट दिली नाही. मग त्या ब्रिटनला जाऊन हवामानाची उपकरणं शिकून आल्या. त्या वेळी आपण साधी साधी हवामान उपकरणंही बाहेरून आणत होतो. अण्णा मणींनी सुमारे शंभर उपकरणांची प्रमाणित रेखाचित्रं करून घेतली आणि ती इथं तयार करायला सुरुवात केली. उपकरण नुसतं बनवून भागत नाही, एक उपकरण दुसऱ्याशी जुळलं पाहिजे, ह्यावर त्यांचा कटाक्ष होता. म्हणजे रेन्योची अट आणि न्यायसूत्रातला तराजू पुण्याच्या कार्यशाळेत आला म्हणा ना! ह्या बाईंचं नाव आपल्या शाळांत जेवढं घ्यायला हवं तेवढं घेतलं जात नाही. १९७६ मध्ये त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या.

आतापर्यंतचा तापमापक डोळ्यांनी वाचायचा होता. पारा कुठं आहे ते बघायला माणूस लागतो. विजेनं हे काम बदललं. १८२१ मध्ये सीबेकला दिसलं, की दोन वेगळ्या धातूंचं कडं करून एक जोड तापवला तर शेजारची होकायंत्राची सुई हलते. १८३३ मध्ये फॅरडेनं नोंदवलं, की सिल्व्हर सल्फाइड तापलं की त्यातून वीज जास्त सहज वाहते. १८७१ मध्ये विल्यम सीमेन्सनं प्लॅटिनमच्या तारेचा विद्युत रोध मोजून तापमान काढायची रीत मांडली. आता तापमान तारेतून दूरवर जाऊ शकत होतं.

१९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि सोबत एक डोकेदुखी आली. ट्रान्झिस्टर उन्हानं बिघडतो. बिघडतो म्हणजे, त्याच्या एका जोडावर जो साधारण ०.६ व्होल्टचा दाब असतो, तो तापमान एक अंशानं वाढलं की सुमारे २ मिलिव्होल्टनं उतरतो. रेडिओ बनवणाऱ्याला हा उपद्रव. पण कोणाच्या तरी लक्षात आलंच, की जो इतका नेमानं बदलतो तो तर आयता तापमापक!

पुढची युक्ती जास्त सुंदर आहे. दोन सारखे ट्रान्झिस्टर घ्या आणि एकातून दुसऱ्याच्या ८ पट दाटीनं वीज सोडा. दोघांच्या व्होल्टेजमध्ये फरक पडतो. हा फरक निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे केल्विनच्या पट्टीवरच्या तापमानाच्या, थेट प्रमाणात असतो. २५ अंश सेल्सिअसला तो साधारण ५३ मिलिव्होल्ट भरतो. ट्रान्झिस्टर कोणत्या कारखान्यात झाला ह्याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. त्यात येतो बोल्ट्झमनचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा भार. आणि २० मे २०१९ पासून केल्विन ह्या एककाची अधिकृत व्याख्याच बोल्ट्झमनच्या स्थिरांकावर टेकलेली आहे. त्याआधी ती पाण्याच्या त्रिबिंदूवर होती, म्हणजे बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र नांदतात त्या तापमानावर. आंतरराष्ट्रीय एकक ज्या स्थिरांकावर उभं आहे, तोच स्थिरांक ह्या शंभर रुपयांच्या दाण्याच्या पोटात काम करतो.

१९७० च्या दशकात बॉब विड्लर ह्या अमेरिकन अभियंत्यानं ह्याच दोन गोष्टी एकत्र बांधल्या. एक व्होल्टेज तापमानाबरोबर उतरतो, दुसरा चढतो. दोन्हींची योग्य बेरीज केली तर मिळतं सव्वा व्होल्टच्या आसपासचं असं व्होल्टेज, जे तापमानानं जवळजवळ हलतच नाही. म्हणजे त्याच मातीतून दोन भाऊ निघाले. एक तापमान सांगणारा, दुसरा तापमानाला न जुमानणारा. दुसऱ्याची गरज पुढं लागणार आहे, लक्षात ठेवा.

मग बाजारात तयार सेन्सर आले. ॲनालॉग डिव्हायसेसचा एडी ५९० आला. नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये बॉब पीज ह्यांनी फॅरनहाइटचा एलएम ३४ केला, आणि त्याचा सेल्सिअस भाऊ एलएम ३५ आपल्याकडच्या पोरांना तोंडपाठ आहे. त्याचा हिशेब अगदी सरळ : अंशाला १० मिलिव्होल्ट. ३० अंशाला ३०० मिलिव्होल्ट, ४५ अंशाला ४५०. मल्टिमीटर लावा आणि वाचा.

पण एलएम ३५ ला चालायला किमान ४ व्होल्ट लागतात. एके काळी ही अडचण नव्हती, सगळं ५ व्होल्टवर चालायचं. २००५ मध्ये इटलीतल्या इव्ह्रेया गावात जन्मलेला आर्डुइनोचा बोर्डही आधी ५ व्होल्टचाच. पुढे चिपमधले ट्रान्झिस्टर जसजसे बारीक झाले, तसं त्यांना जास्त व्होल्टेज सोसेना. शिवाय व्होल्टेज निम्म्यावर आणलं तर चिपच्या कामात जाणारी वीज साधारण चौथाईवर येते, म्हणून बॅटरीवाल्यांनाही कमी व्होल्टेज हवं होतं. आता वाय-फायचे स्वस्त बोर्ड ३.३ व्होल्टचे असतात. दोन पेन्सिल सेल जोडले की ३ व्होल्ट होतात. तिथं एलएम ३५ उपाशी राहतो, आणि उपाशी सेन्सर गप्प बसत नाही, तो काहीतरी आकडा देतच राहतो. धोका तोच आहे.

म्हणून कमी व्होल्टेजचे सेन्सर आले. टीएमपी ३६ हा २.७ व्होल्टपासून चालतो. मायक्रोचिपचा एमसीपी ९७०० हा २.३ पासून. दोन्हींत अंशाला १० मिलिव्होल्टच, पण एक फरक आहे : ० अंशाला ते ० मिलिव्होल्ट देत नाहीत, ५०० मिलिव्होल्ट देतात. अर्धा व्होल्ट आधीच चढवून ठेवलेला. त्यामुळे गोठणबिंदूच्या खालचं तापमानही उणे व्होल्टेज न लागता मोजता येतं. आपल्या पौषातल्या पहाटे १० अंश असतील तर टीएमपी ३६ देईल ६०० मिलिव्होल्ट, आणि वैशाखात ४५ अंश असतील तर ९५०. मिळालेल्या मिलिव्होल्टमधून ५०० वजा करा, १० नं भागा, झालं.

कमी व्होल्टेजचा अजून एक फायदा तत्त्वज्ञाला विशेष आवडावा असा आहे. मोजणारं यंत्र स्वतःच थोडं तापतं, आणि जे मोजायचं त्यातच आपली ऊब मिसळतं. टीएमपी ३६ साधारण ५० मायक्रोअँपिअरपेक्षा कमी वीज घेतो. ३ व्होल्टला गुणून बघा, जेमतेम १५० मायक्रोवॅट. त्याची स्वतःची ऊब अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. साक्षीदारानं साक्षीत स्वतःची भर जेवढी कमी घालावी तेवढं बरं.

आता खरी मेख. आमच्या शेजारच्या एका पोरानं गेल्या उन्हाळ्यात असाच टीएमपी ३६ आर्डुइनोला लावला. आकडा आला ४९ अंश. सगळ्या गल्लीत बोंब झाली, दर्यापूर ४९! घरातल्या चांगल्या तापमापकावर त्याच ठिकाणी ४३ होते. सेन्सर खोटा होता का? नाही.

बघा, बोर्ड व्होल्टेज कसं वाचतो? तो आपल्याला मिळणाऱ्या व्होल्टेजचे १०२४ भाग करतो आणि सेन्सरचा व्होल्टेज त्यातल्या कितव्या भागावर येतो ते सांगतो. पोरानं प्रोग्रॅममध्ये धरलं ५ व्होल्ट. यूएसबीच्या लांब, बारीक वायरमधून बोर्डाला मिळत होते प्रत्यक्षात ४.७. आता ४३ अंशाला सेन्सर देतो ९३० मिलिव्होल्ट. ते ४.७ च्या पट्टीवर मोजून ५ च्या पट्टीवर वाचले की होतात जवळजवळ ९९०. ५०० वजा केले, १० नं भागलं, ४९ अंश! पट्टी आखडली होती आणि दोष उन्हाला लागला. आणि गंमत अशी, की त्या अर्ध्या व्होल्टच्या चढावामुळे ही चूक टीएमपी ३६ मध्ये जास्त फुगते. ह्याच परिस्थितीत एलएम ३५ नं पावणेतीन अंशांची चूक दाखवली असती, ह्यानं सहा अंशांची दाखवली.

उपाय दोन. एक तर मल्टिमीटरनं खरं व्होल्टेज मोजा आणि तेच प्रोग्रॅममध्ये घाला. नाहीतर बोर्डाच्या पोटात जो १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ असतो तो वापरा. तो म्हणजे विड्लरच्या वंशातला, तापमानाला न जुमानणारा भाऊ. त्यानं एक भाग १ मिलिव्होल्टच्या आसपास येतो, म्हणजे अंशाचा दहावा भाग, आणि टीएमपी ३६ साठी वर ६० अंशांपर्यंत जागा मिळते. पण तोही चिपगणिक १.० ते १.२ व्होल्टमध्ये कुठंही असू शकतो. म्हणजे एकदा त्यालाही मोजावं लागतं. कशानं? मल्टिमीटरनं. आणि मल्टिमीटर? नागार्जुन हसतोय बघा!

पण नैयायिक घाबरत नाहीत. ते म्हणतील, ज्याचं मोल पक्कं माहीत आहे असं सोनं आणा. आपल्याकडे ते सोनं म्हणजे बर्फ. बर्फाचा चुरा करा, थर्मासमध्ये भरा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, ढवळा. सेन्सर पाणी शिरणार नाही असा बंद करून मध्ये धरा, पाच-दहा मिनिटं थांबा. आकडा ० आला पाहिजे. दीड आला, तर तुमच्या सेन्सरची चूक दीड अंश आहे. ती लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक वाचनातून वजा करा. ह्या स्वस्त सेन्सरांत अंश-दोन अंशांचा फरक असतोच, बनवणारेही तसं छापून देतात. दुसरी तपासणी कोमट पाण्यात, चांगल्या तापमापकाच्या शेजारी धरून करा, म्हणजे वरच्या टोकाचाही अंदाज येतो.

इथं आपल्या भागाचं एक वैशिष्ट्य आहे. आपण खारपाण पट्ट्यात राहतो. मिठानं गोठणबिंदू खाली जातो, कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो तो ह्यासाठीच. मग आपल्या विहिरीच्या पाण्याचा बर्फ चालेल का? हिशेब करून बघितला : लिटरला २ ग्रॅम मीठ असेल तर गोठणबिंदू सव्वा दशांशच खाली जातो. आपल्या कामाला फरक नाही. पण गोड पाणी मिळत असेल तर तेच घ्या.

आणि शेवटी, सेन्सर ठेवला कुठं? उन्हात ठेवलेला सेन्सर हवेचं तापमान सांगत नाही, तो स्वतः किती भाजला ते सांगतो. पत्र्यावर ठेवलेला पत्र्याचं सांगतो. म्हणून वेधशाळेत पांढऱ्या, झापांच्या पेटीत तापमापक ठेवतात. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच, हवा खेळती, ऊन आत नाही. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन ह्या दीपगृहं बांधणाऱ्या अभियंत्याची. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे ते वडील.

आता त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. तुमच्या वावरातलं ऊन मंडळाच्या डब्याला दिसेल का? तंतोतंत नाही दिसणार. एक केंद्र अनेक गावांसाठी असतं आणि ओलिताचं वावर, कोरडं वावर, गावठाण ह्यांत फरक पडणारच. ही काही कोणाची लबाडी नाही, मोजण्याची ती मर्यादा आहे. पण केंद्राच्या जवळ पत्र्याचं शेड आलं का, पेटी मळली का, झाडाची सावली पडते का, सेन्सर शेवटचा कधी पडताळला, हे प्रश्न विचारता येतात आणि विचारले पाहिजेत.

बाजार समितीतला काटा बघा. त्याच्यावर वैध मापन शास्त्र यंत्रणेचा शिक्का असतो, ठरावीक मुदतीत पडताळणी होते, आणि शिक्का दाखवा म्हणायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. आपण पिढ्यान्पिढ्या काट्यावर भांडलो, तेव्हा कुठं हे झालं. आता काट्यासारखाच पैशाचा निर्णय तापमापक करतो आहे. मग त्याच्या पडताळणीची तारीख केंद्राच्या फाटकावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत का असू नये? एवढी साधी मागणी आहे. ती कोणाच्या विरोधात नाही. जो नीट मोजतो त्याला तर ती आवडायला हवी.

पोरांनो, तुमच्या हातातला दाणा कोर्टात पुरावा होणार नाही. विम्याचा निकाल त्यानं फिरणार नाही. पण तीन गावांत तीन शाळांनी पांढऱ्या पेट्या केल्या, बर्फात पडताळलेले सेन्सर लावले, आणि वर्षभर वहीत तारीख, वेळ, आकडा आणि आपल्या सेन्सरची माहीत असलेली चूक अशी नोंद ठेवली, तर त्या वहीला वजन येतं. केंद्राचा आकडा आणि तुमचा आकडा बहुतेक दिवस जुळला, तर केंद्रावरचा विश्वास वाढेल, आणि तोही आधारानं वाढेल. एका बाजूला सतत तीन अंशांचा फरक दिसला, तर आधी आपला सेन्सर पुन्हा बर्फात घाला, आपली पट्टी तपासा, आणि तरीही फरक राहिला तर वही घेऊन कृषी कार्यालयात जा. आरडाओरडा करू नका, वही दाखवा. हा क्रम महत्त्वाचा आहे : आधी आपला काटा, मग दुसऱ्याचा.

वहीची सुरुवात कशी करायची, पेटीचं माप काय घ्यायचं, ह्याबद्दल कोणाला विचारायचं असेल तर आता विचारा. हा सेन्सर आणि बर्फाचा थर्मास मी टेबलावर ठेवतो आहे. पुढे या आणि स्वतः वाचून बघा.